मतदानाच्या दिवशी नाव दुरुस्त होते काय?

मतदानाच्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकाशी रांग लागलेली असते. त्या रांगेविषयी बोलणारे पुष्कळ असतात. कोण आले, कोणत्या वस्तीवरून आले, याचे हिशेब दुपारपर्यंत साऱ्या मिरजगावात फिरून येतात. परंतु त्याच फाटकाशी रांग सोडून बाजूला उभी राहिलेली दोन-चार माणसे असतात, त्यांच्याविषयी आज आम्हांला बोलावयाचे आहे. असा मनुष्य हातातले ओळखपत्र पुन्हा पुन्हा उलटून पाहत असतो. कार्ड खरे, माणूस खरा, गावही खरे. पण आतील अधिकाऱ्यापुढच्या यादीत त्याचे नाव नाही. मग तो विचारतो, "आत्ताच्या आत्ता लिहून घ्या की! मी काय या गावाला परका आहे?"

या प्रश्नाला कायद्याने दिलेले उत्तर सरळ आहे. त्या दिवशी नवे नाव लिहून घेता येत नाही, असलेले नाव एका यादीतून दुसरीत नेता येत नाही, आणि नोंद दुरुस्तही करता येत नाही. उत्तर कठोर वाटते. तथापि ते तसे का आहे, त्या दिवशी तरीही काय काय होऊ शकते, आणि ज्याने त्याने आधी काय करून ठेवावे, या तीन गोष्टी नीट समजल्या तर फाटकाबाहेर थांबणाऱ्यांची संख्या पुष्कळ कमी होईल, असे आम्हांला वाटते.

प्रथम ही यादी म्हणजे काय ते पाहू. आपल्या संविधानाच्या ३२६ व्या अनुच्छेदाने प्रत्येक प्रौढ नागरिकास मताचा हक्क दिला. आरंभी प्रौढ म्हणजे २१ वर्षांचा असा अर्थ होता. ६१ व्या दुरुस्तीने १९८९ पासून तो १८ वर्षांवर आला. हा हक्क वापरावयाचा कसा, हे लोकप्रतिनिधित्वाचे दोन कायदे सांगतात. १९५० चा कायदा यादीचा, १९५१ चा कायदा मतदानाचा. १९५१ च्या कायद्यातील ६२ वे कलम म्हणते की ज्याचे नाव यादीत आहे त्याला मत देता येईल, आणि ज्याचे नाही त्याला देता येणार नाही. म्हणजे हक्क संविधानाने दिला, पण त्याचे दार यादीतून उघडते. आपल्या खिशातील छायाचित्राचे ओळखपत्र ही त्या दाराची किल्ली नव्हे. मी तोच, एवढेच ते कार्ड सांगते. 'तो' कोण, हे यादीनेच सांगावयाचे असते.

यादी करणे हे काम किती अवघड, याचा अनुभव देशाला पहिल्याच निवडणुकीत आला. १९५१-५२ च्या त्या निवडणुकीसाठी सुमारे १७ कोटी ३० लक्ष नावे लिहिली गेली. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे एक विलक्षण अडचण उभी राहिली. अनेक प्रांतांत लाखो स्त्रियांनी आपले नाव सांगितलेच नव्हते. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच लिहून दिले होते. अशी नोंद चालणार नाही, स्त्रीचे नाव तिचेच असले पाहिजे, असे आयोगाने ठरविले. नावे सांगण्यास मुदत वाढवून दिली, तरीही सुमारे २८ लक्ष स्त्रियांच्या नोंदी शेवटी गाळाव्या लागल्या. त्या स्त्रिया होत्या, प्रौढ होत्या, नागरिक होत्या; कागदावर मात्र नव्हत्या. आज फाटकाबाहेर उभा असलेला मनुष्य त्यांचाच भाऊबंद होय.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. यादी शेवटच्या दिवसापर्यंत उघडी का ठेवीत नाहीत? १९५० च्या कायद्यातील २३ व्या कलमात याचे उत्तर आहे. उमेदवारी अर्ज भरण्याची अखेरची तारीख उलटली की निवडणूक पुरी होईपर्यंत त्या मतदारसंघाच्या यादीत भर घालता येत नाही, बदल करता येत नाही, नाव काढताही येत नाही. हा नियम निव्वळ सोयीचा नाही. बैद्यनाथ पंजियार विरुद्ध सीताराम महतो या १९६९ सालच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले की, या मुदतीनंतर नाव घालण्याचा अधिकारच नोंदणी अधिकाऱ्याला उरत नाही, व अशा रीतीने घातलेल्या नावाला आधार राहत नाही. तेव्हा केंद्रावरील अधिकारी 'नाही' म्हणतो तो अडवणूक करावी म्हणून नव्हे. त्याच्या हातात लेखणी असते, पण यादीत लिहिण्याचा अधिकार नसतो.

यामागचा विचारही समजून घेतला पाहिजे. कोणाचेही नाव यादीत येण्यापूर्वी त्यावर हरकत घेण्यास लोकांना निदान सात दिवस मिळावेत, अशी व्यवस्था आहे. शेजाऱ्याला ठाऊक असते की हा गृहस्थ येथे राहतो की नाही. ऐन मतदानाच्या दिवशी नावे लिहून घेतली, तर ही पारख करणार कोण? एखाद्या धनवान उमेदवाराने चार मालमोटारी भरून माणसे आणली, तर त्यांना गावकरी म्हणावयाचे की पाहुणे? शिवाय उमेदवारांना मिळणारी यादी आणि केंद्रावरील यादी एकच असली पाहिजे. नाहीतर सायंकाळी भांडणाला अंत राहणार नाही. कुस्तीचा आखाडा आखला गेल्यावर फक्की पुन्हा हलवीत नाहीत, त्यातलाच हा प्रकार.

कोणी म्हणेल, इतर देशांत तर त्याच दिवशी नाव लिहून घेतात. हे खरे आहे. कॅनडात राष्ट्रीय निवडणुकीच्या दिवशी ओळख व पत्ता पटवून नाव नोंदविता येते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने १९७३ साली तशी सोय केली. तेथे त्याच विभागातील नोंदलेला मतदार आपल्या शेजाऱ्याच्या रहिवासाबद्दल शपथेवर साक्ष देऊ शकतो. नॉर्थ डकोटा राज्याने तर १९५१ पासून मतदारनोंदणीच ठेवलेली नाही. तेव्हा गोष्ट अशक्य आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु आपल्याकडे २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत एकट्या महाराष्ट्राच्या यादीत सुमारे ९ कोटी ७० लक्ष नावे होती. आपल्या कायद्याने सोय शोधली ती वर्षभर उघडे राहणाऱ्या दारात, शेवटच्या दिवशीच्या खिडकीत नव्हे. हे दार वर्षभर उघडे असते, आणि आपण नेमके ते बंद झाल्यावर ठोठावतो, ही खरी अडचण आहे.

दार केव्हा बंद होते, याचे उदाहरण आपल्याच कर्जत-जामखेड मतदारसंघाचे घ्या. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीची घोषणा १५ ऑक्टोबरला झाली. अर्ज भरण्याची अखेर २९ ऑक्टोबर, मतदान २० नोव्हेंबर. नोंदणीच्या अर्जाची छाननी व हरकतीची मुदत धरता, अर्ज भरण्याच्या अखेरीआधी दहा दिवसांपर्यंत, म्हणजे १९ ऑक्टोबरपर्यंत आलेल्या अर्जांचाच उपयोग होता. घोषणा झाल्यापासून हाती राहिले अवघे चार दिवस! पुण्याला, चाकणला कामास असलेली मुले दिवाळीला घरी आली तेव्हा लक्ष्मीपूजनाच्या आधीच ते दार बंद झालेले होते. पणत्या लावताना निवडणुकीच्या गप्पा रंगल्या असतील. नावाची चौकशी मात्र पुष्कळांनी २० नोव्हेंबरला सकाळी केली.

तथापि, मतदानाच्या दिवशी सारेच संपलेले असते असे नाही. फाटकातून परत फिरण्यापूर्वी काही गोष्टी अवश्य कराव्यात.

पहिली गोष्ट, नाव नाही असे कोणी सांगितले तरी लगेच मानू नये. केंद्राजवळ मतदार साहाय्यकक्ष असतो. तेथे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी अकारविल्हे लावलेली यादी घेऊन बसलेला असतो. नाव दुसऱ्या खोलीच्या भागात असू शकते, मूळ यादीत नसून पुरवणीत असू शकते, आडनावाऐवजी पहिल्या नावाखाली असू शकते. मतदाराच्या सेवेसाठी १९५० हा दूरध्वनी क्रमांक आहे, आणि मोबाईलवरही नाव शोधता येते. मात्र शोधताना जिल्हा नीट निवडावा. रायगड जिल्ह्यातही एक कर्जत आहे. आपला मतदारसंघ 'कर्जत जामखेड'; जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट, नाव आहे पण चुकीचे छापले आहे. 'साळुंखे'चे 'साळुंके' झाले, वय पाच वर्षांनी चुकले, वडिलांच्या नावात काना राहिला. अशा वेळी घाबरण्याचे कारण नाही. निवडणूक घेण्याच्या १९६१ च्या नियमांतच असे म्हटले आहे की, मनुष्य तोच आहे अशी खात्री झाली तर निव्वळ लेखनाच्या वा छपाईच्या चुकीकडे अधिकाऱ्याने दुर्लक्ष करावे. त्या दिवशी चूक दुरुस्त होत नाही. परंतु चुकीमुळे मत अडत नाही. हा भेद फार महत्त्वाचा आहे. तो ठाऊक नसल्यामुळे कित्येक म्हातारी माणसे 'माझे नाव बरोबर नाही हो' असे म्हणून स्वतःच मागे फिरतात.

तिसरी गोष्ट, कार्ड हरवले आहे किंवा त्यावर जुना पत्ता आहे. यादीत नाव असेल तर आधार कार्ड, वाहन चालविण्याचा परवाना, पॅन कार्ड, पारपत्र, रोजगार हमीचे जॉबकार्ड, बँकेचे वा टपाल कचेरीचे छायाचित्र असलेले पासबुक, छायाचित्रासह निवृत्तिवेतनाचा कागद, अशांपैकी आयोगाने ठरविलेला एक पुरावा चालतो. दुसऱ्या मतदारसंघात मिळालेले जुने ओळखपत्रही चालते. घरी वाटलेली मतदार माहितीची चिठ्ठी मात्र २०१९ पासून ओळखीचा पुरावा म्हणून एकटी पुरत नाही.

चौथी गोष्ट, नावापुढे 'गैरहजर', 'स्थलांतरित' किंवा 'मयत' असा शेरा असलेली वेगळी यादी अधिकाऱ्यापाशी असते. जिवंत माणसाला 'मयत' असे ऐकावे लागले तर राग येणारच. परंतु त्या यादीत नाव असणे म्हणजे मूळ यादीतून नाव जाणे नव्हे. ओळख नीट पटवून दिली, सही व अंगठा दिला, की अशा मतदारास मत देता येते.

पाचवी गोष्ट, आपण गेलो तो आपल्या नावावर कोणी आधीच मत देऊन गेलेला. तेव्हाही अधिकाऱ्याच्या प्रश्नांना समाधानकारक उत्तरे दिली तर 'प्रदत्त मत' म्हणून कागदी मतपत्रिका मागता येते. ती वेगळ्या पाकिटात ठेवली जाते. नेहमीच्या मोजणीत ती धरीत नाहीत, पण न्यायालयात वाद गेला तर तिला अर्थ येऊ शकतो. तसेच एखाद्या उमेदवाराच्या प्रतिनिधीने 'हा तो नव्हे' अशी हरकत घेतली, तर त्याला दोन रुपये अनामत भरावे लागतात आणि अधिकारी जागच्या जागी चौकशी करून निर्णय देतो. हरकत टिकली नाही की मत देण्यास मोकळीक.

एवढे झाल्यावरही ज्याचे नाव त्या यादीत मुळीच नाही, त्याला त्या दिवशी उपाय नाही. त्याचा उपाय आधीच्या महिन्यांत आहे. तो असा. नवीन मतदारासाठी नमुना ६. नाव वगळण्यासाठी वा एखाद्या नावाला हरकत घेण्यासाठी नमुना ७. आणि पत्ता बदलणे, चूक सुधारणे, कार्ड बदलून घेणे, अपंगत्वाची नोंद करणे, या सर्वांसाठी एकच नमुना ८. पूर्वी दुसऱ्या मतदारसंघात गेल्यावरही नमुना ६ भरीत. २०२२ पासून ते बदलले आहे. पुष्कळांना हे ठाऊक नाही. ते पुन्हा नमुना ६ भरतात, जुनी नोंद तशीच राहते, आणि एक मनुष्य दोन ठिकाणी दिसू लागतो. २०२५ सालच्या नगरपरिषदांच्या निवडणुकांत अशा संभाव्य दुबार नावांपुढे राज्य निवडणूक आयोगाला दोन तारे छापावे लागले. दोन ठिकाणी नाव ठेवणे कायद्यास मान्य नाही, आणि अर्जात जाणूनबुजून खोटे लिहिणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद वा दंड होऊ शकतो.

तरुणांसाठीही नियम सोपा झाला आहे. पूर्वी १ जानेवारीला १८ वर्षे पुरी नसली की वर्षभर थांबावे लागे. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत, आणि सतरा वर्षे पुरी झाल्यावर आगाऊ अर्जही देता येतो. अर्ज नाकारला गेला तर जिल्हाधिकाऱ्याकडे व त्यानंतर राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे अपील आहे.

आता आपल्या भागातील माणसांकडे पाहू, कारण कायदा सर्वांना एक असला तरी अडचणी गावागणिक निराळ्या असतात. लग्न होऊन आलेली सून ही पहिली. जामखेड तालुक्यातून मिरजगावात आली तर मतदारसंघ तोच राहतो, पण केंद्र बदलते. आष्टीकडून आली तर जिल्हाही बदलतो. दोन्ही वेळी नमुना ८ लागतो. लग्नात भांडी-कुंडी, मानपान यांच्या याद्या दहादा वाचून होतात. मुलीच्या नावाची यादी कोणी वाचीत नाही. ती चार वर्षे ना माहेरची मतदार राहते ना सासरची. १९५२ सालच्या 'अमक्याची बायको' या नोंदीहून हे फार वेगळे आहे काय?

दुसरा ऊसतोड कामगार. पाऊस कमी, शेत कोरडवाहू, म्हणून दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जाणारी कुटुंबे आपल्या भागात आहेत. काही महिने गाव सोडले म्हणून त्यांचे नाव काढता येत नाही. तात्पुरत्या गैरहजेरीने मनुष्य 'सर्वसाधारण रहिवासी' राहत नाही असे होत नाही, हे कायद्याने सांगितले आहे. फडावर असताना घराला कुलूप पाहून कोणी 'स्थलांतरित' असा शेरा मारला असेल, तर शेजाऱ्याने तो वेळीच सुधारून घ्यावा. तिसरा मनुष्य नेमका उलटा. तो पंधरा वर्षे पुण्यात राहतो, मुले तेथे शिकतात, पण गावी घर व शेत आहे म्हणून नाव येथेच ठेवतो. केवळ घराची मालकी म्हणजे रहिवास नव्हे, हेही त्याच कायद्यात आहे. गावावरचे प्रेम आम्ही समजतो. परंतु ज्या शहरात आपण पाणी भरतो, त्या शहरात आपले मत नसावे, हे त्या शहराच्याही हिताचे नाही.

चौथी गोष्ट बोलावयास जड जाते. आमच्या स्वतःच्या घरातील एका वडीलधाऱ्या माणसाचे नाव त्यांच्या मृत्यूनंतरही दोन निवडणुका यादीत राहिले होते. वारसाची नोंद, बँकेचे खाते, सातबारा, सारे आम्ही लगबगीने केले. नमुना ७ चा एक कागद मात्र भरला नाही. त्या नावावर कोणी मत दिले नाही, हे आमचे नशीब. इतरांना उपदेश करण्यापूर्वी हे सांगणे आम्हांला प्राप्त आहे. यादी खोटी होते ती दर वेळी कोणा लबाडाने केल्यामुळे नव्हे. तुमच्या-आमच्यासारख्यांनी 'पाहू पुढे' म्हटल्यामुळेही होते.

एका मताने काय होते, असे विचारणारे प्रत्येक पारावर भेटतात. २०२४ साली आपल्या कर्जत-जामखेडमध्ये विधानसभेचा निकाल १,२४३ मतांनी लागला. त्याच वर्षी लोकसभेला मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघातील अंतर अवघे ४८ मतांचे होते. निकाल कोणाच्या बाजूने लागला हा आजचा विषय नाही. परंतु लक्षावधी मतांतून एवढ्याशा फरकाने निवाडा होतो, तेव्हा प्रत्येक केंद्राच्या फाटकाबाहेर राहिलेली चार माणसे हा क्षुल्लक हिशेब राहत नाही. मग कोण जिंकला यापेक्षा, कोणाला बोलताच आले नाही, हा प्रश्न मोठा होतो.

उपाय महाग नाही. पीक पाहणी, रेशनच्या याद्या यांचे चावडीवाचन आपल्याला परिचित आहे. तसेच मतदारयादीचे वाचन वर्षातून एकदा गावापुढे व्हावे. एकाने नाव वाचावे, वस्तीवरच्यांनी सांगावे: हा आहे, ही सासरी गेली, हे वारले, ही नवी सून आली, या पोराला अठरा पुरी झाली. तेथे केंद्रस्तरीय अधिकारी असावा व त्याच्याजवळ कोरे नमुने असावेत. एका संध्याकाळचे काम आहे. आणि ज्याला तेवढाही धीर नसेल त्याने आज घरी गेल्यावर फक्त आपल्या घरातील नावे शोधून पाहावीत. नुसती स्वतःचे नव्हे, सुनेचे, आईचे, आणि जे आता नाहीत त्यांचेही.

'मी काय परका आहे?' असे विचारण्याची वेळ कोणावर येऊ नये. गाव आपल्याला ओळखते. त्या कागदालाही आपली ओळख आधीच करून देणे, एवढेच आपल्या हाती आहे.